अलीकडची पहिली, पलीकडची पहिली

शाळामास्तरणीनं सुट्टीत कुठंही जावं, पण दुसऱ्या शाळेत जाऊ नये, असं आमचे हे म्हणतात. मी भोर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. महाराष्ट्रातल्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात, म्हणजे जूनचा पहिला आठवडा आमचा हक्काचा. त्या आठवड्यात शहाणी माणसं महाबळेश्वरला जातात. मी निपाणीजवळच्या एका खेड्यात मावसबहिणीची शाळा बघायला गेले, आणि परत आल्यापासून भेटेल त्याला धरून तेच सांगत सुटले आहे. आता घरातले माझी चाहूल लागली की उठून जातात, म्हणून लिहायला बसले.

मावसबहिणीचं नाव सुनंदा, पण सगळा गाव तिला आक्का म्हणतो आणि मीही. ती कर्नाटक सरकारच्या मराठी प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका. कर्नाटक सरकारची मराठी शाळा म्हटलं की पुण्याकडची माणसं माझ्याकडे संशयानं बघतात. पण सीमाभागात अशा शाळा आहेत. दारावरची पाटी कन्नड, आतला फळा मराठी, पुस्तकं मराठी पण बेंगळुरूच्या सरकारनं काढलेली, आणि पोरं दोन्ही भाषांत भांडतात. गावाचं नाव मी लिहीत नाही. आक्कानं तशी शपथ घातली आहे, आणि थोडीफार माझ्या नोकरीचीही काळजी आहे. ती का, ते पुढे येईलच.

मे महिन्याच्या शेवटी आक्काचा फोन आला. "वंदे, ये. यंदा माझी शाळा ऱ्हाती का जाती ते बघाय ये." असं म्हणून ती हसली. प्रकार हसण्यासारखा नव्हता. गावातली बहुतेक लहान पोरं निपाणीच्या इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसून जायला लागली होती. यंदा पहिलीचा वर्ग रिकामा राहिला तर आक्काची शाळा पुढच्या गावातल्या मोठ्या शाळेला जोडायची, असं वरून तोंडी आलं होतं. तसं झालं की उरलेल्या पोरांना रोज हायवे ओलांडून जायला लागणार. म्हणजे आक्काला पहिलीत एक तरी मूल हवं होतं. मी पिशवी भरली.

कोगनोळी

कोगनोळीला महाराष्ट्र संपतो आणि कर्नाटक लागतो. मी बसच्या खिडकीला नाक लावून बसले होते, की राज्य बदलतं म्हणजे नेमकं काय होतं ते डोळ्यांनी बघावं. उसाच्या शेजारी ऊस होता. म्हशीच्या शेजारी म्हैस होती. शेजारच्या बाई ओच्यातल्या शेंगा सोलत होत्या, त्यांना विचारलं, "मावशी, महाराष्ट्र संपला का हो?"

"कवाच की," त्या म्हणाल्या. "तुमी म्हशीकडं बघालतासा तवाच."

मग त्यांनी मूठभर शेंगा माझ्या हातात ठेवल्या. पहिल्या परराज्यप्रवेशाचा सत्कार म्हणून मी त्या सगळ्या खाल्ल्या.

निपाणी, आणि चुकून चिकोडी

निपाणीत उतरल्या उतरल्या तंबाखूच्या वासानं मला सलग शिंका आल्या. रिक्षावाला म्हणाला, "पुण्याच्या दिसता." स्टँडजवळ गिरमिट खाल्लं. गिरमिट म्हणजे चिरमुऱ्यांना कांदा, मसाला आणि चिंचेचं पाणी लावून केलेला ओलसर प्रकार, सोबत हाताच्या पंज्याएवढी मिरची भजी. आपल्या भेळेला हे कळलं तर ती जीव देईल. मी दोन पुडे खाल्ले आणि त्या आनंदात समोर आलेल्या बसमध्ये चढून बसले.

कंडक्टरनं तिकीट फाडताना विचारलं, तेव्हा कळलं की गाडी चिकोडीला चालली आहे. तोवर गाव मागं पडलं होतं.

"बाई, पाटी वाचली न्हाईसा?"

"मला कन्नड येत नाही हो."

"काय करतासा?"

"शिक्षिका आहे," मी म्हणाले. सगळी बस हसली. मीही हसले, दुसरं काय करणार. चिकोडी हे तालुक्याचं गाव, तिथला चहा उत्तम. परतीच्या वेळी शहाणपणानं एका शाळकरी मुलीला धरलं. ती दुसरीतली असेल. येणाऱ्या प्रत्येक बसची पाटी तिनं मला वाचून दाखवली, आधी कन्नड, मग त्याचं मराठी. आणि मला पुन्हा निपाणीच्या गाडीत बसवून खिडकीतून कंडक्टरला सांगितलं, "ह्यास्नी वाचाय येत न्हाई, नीट उतरवा."

आक्काचं गाव

आक्काकडे पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. जोंधळ्याची भाकरी, वांग्याची भरली भाजी, हिरव्या मिरचीचा खर्डा आणि हुलग्याचं माडगं. माडगं वाटीनं प्यायचं असतं, मी तांब्यानं प्यायले. आक्काचे यजमान, आमचे दाजी, तंबाखू आणि ऊस करतात आणि जेवताना फक्त "वाढ" एवढंच बोलतात.

जेवता जेवता आम्ही दोघींनी आपापली सरकारं ताटात काढली. तिच्याकडे पोरांना सकाळी दूध मिळतं, दुपारी जेवणात अंडं किंवा केळं, पायात बूट-मोजे. माझ्याकडे खिचडी, आणि गणवेशाचा नियम दर वर्षी नवा. तिच्याकडे दसऱ्याला मोठी सुट्टी, माझ्याकडे दिवाळीला. "म्हणून तर आपली पोरं कधी एकमेकांकडं ऱ्हायली न्हाईत," आक्का म्हणाली. "ही मोकळी तवा ती वर्गात." इतकी वर्षं आम्ही त्याचा दोष एकमेकींच्या नवऱ्यांना देत होतो.

मग तिनं खरं दुखणं सांगितलं. गावात पहिलीच्या वयाच्या, आणि पिवळ्या गाडीत न जाणाऱ्या, दोनच पोरी उरल्या होत्या. गौरी आणि तनू. सख्ख्या चुलत बहिणी, एका घरातल्या, एका ताटात जेवणाऱ्या. त्यांचा आजा म्हणजे बाळू आप्पा. सकाळी उठून आम्ही आप्पांच्या ओसरीवर गेलो.

आप्पांनी प्रश्न आधीच सोडवून ठेवला होता, आणि तिथेच सगळं बिघडलं होतं. त्यांच्या मळ्याचा अर्धा तुकडा कर्नाटकात आणि अर्धा ओढ्यापलीकडे महाराष्ट्रात. आयुष्यभर त्यांनी दोन्हीकडच्या तलाठ्यांना खूश ठेवलेलं. ओढ्यापलीकडच्या वस्तीवर जिल्हा परिषदेची एक छोटी शाळा आहे, तिथेही पहिलीची हीच रड.

"पाडव्याला पलीकडचं गुरुजी आलतं," आप्पा म्हणाले. "त्यास्नी गौरी दिली. मागनं आक्का आली. आक्काला तनू दिली. दोन नाती, दोन सरकारं. कोण नाराज न्हाय."

"आप्पा, पर तनूचं वय माझ्याकडं बसत न्हाई," आक्का म्हणाली. "नवरात्रात सहा पुरी व्हत्यात तिची. आमचं सरकार जूनला मोजतंय."

"आनि तिकडचं?"

"तिकडं डिसेंबरपातुर चालतंय."

भानगड अशी आहे. पहिलीला सहा वर्षं पूर्ण हवीत असं दिल्लीनं ठरवलं. बेंगळुरूनं त्यासाठी जूनची सुरुवात धरली, मुंबईनं डिसेंबरअखेर. त्यामुळे आप्पांच्या ओसरीवर बसलेली तनू शाळेच्या दृष्टीनं लहान होती, आणि तीच ओढ्यापलीकडे पेरू तोडायला गेली की मोठी व्हायची. मला हे ऐकून इतकं हसू आलं की चहा नाकात गेला. तनूनं माझ्या पाठीवर थापट्या मारल्या.

"म्हंजे गौरी दोन्हीकडं चालती, आनि तनू तिकडंच," आप्पांनी हिशेब जुळवला.

"व्हय. मग तेवढी अदलाबदल करा की."

आप्पा ताठ झाले. "शबुद दिलाय मी. शबुद म्हंजे काय बैल हाय व्हय, बाजारात बदलायला? गुरुजींनी आपणहून सोडला, तर बघू."

तेवढ्यात गौरी दारातून म्हणाली, "आमी दोघी एकाच शाळंत. न्हाईतर कोणबी न्हाई." तनूनं मान डोलावली. तनूचं बोलण्याचं सगळं काम गौरीच बघते.

परत येताना मी आक्काला म्हणाले, गुरुजींना एक फोन कर, संपलं. मग कळलं की गेल्या साली आक्कानं घरी चकरा मारमारून तयार केलेला एक मुलगा गुरुजींनी एका संध्याकाळी चेंडू देऊन पळवला होता. तेव्हापासून बोलणं बंद. हे कांबळे गुरुजी मूळचे निपाणीचे. त्यांचे वडील तंबाखूच्या वखारीत हमाली करायचे. आता हे शिक्षक आणि बहीण बेळगावात डॉक्टर. नोकरीच्या पहिल्या वर्षी ते दुपारचा डबा आक्काच्या शाळेत बसून खायचे. आता तिच्या दारावरून मोटारसायकल नेताना आभाळाकडे बघतात. खड्ड्यांच्या रस्त्यावर हा मोठाच निश्चय म्हणायचा.

ओढ्यापलीकडे

शाळा उघडण्याच्या दिवशी मिरवणूक काढायची, हे दोन्ही राज्यांत सारखंच. फरक एवढाच की आक्काच्या मिरवणुकीला दाजींचा ट्रॅक्टर होता. ट्रॉलीला केळीचे खुंट, आंब्याची तोरणं, पोरांच्या डोक्यावर सोनेरी कागदाचे मुकुट. गौरी आणि तनू दोघी पुढे, कारण त्यांना वेगळं बसवायची कुणाची छाती नव्हती. आप्पा खुर्चीसकट ट्रॉलीत. आक्काच्या हातात औक्षणाचं ताट. आणि माझ्या हातात, पाहुणी म्हणून, माईक.

माझ्या हातात माईक देऊ नये, हे आमच्या केंद्रप्रमुखांना माहीत आहे. आक्काला कोण सांगणार. "या हो या, आपल्या गावच्या सरकारी शाळेत या. दूध प्या, अंडी खा, दोन दोन भाषा शिका," असं मी सुरू केलं, आणि पोरं माझ्यामागून ओरडायला लागली तसा मला चेव चढला. बायका दारात येऊन हसत होत्या. कुणीतरी माझ्याच कपाळाला कुंकू लावलं.

देवळापुढे गल्ली अरुंद होते. तिथे नळाच्या कामासाठी आडवा चर खणलेला, हे दाजींना ट्रॅक्टर नेल्यावर दिसलं. ट्रॅक्टर मागे घेता येतो, पण ट्रॉली जोडलेली असली की ती भलतीकडेच वळते. दाजी उजवीकडे वळवत, ट्रॉली डावीकडे जाऊन कुणाच्या तरी तुळशीला टेके. गावातले सगळे पुरुष गोळा झाले आणि प्रत्येकानं वेगवेगळा सल्ला दिला. शेवटी आप्पा खुर्चीतून म्हणाले, "मागं कशाला जातासा? बाजूच्या वाटंनं पुढं चला. वड्यापल्याड मोकळं मैदान हाय, तिथं वळवू."

सगळ्यांना पटलं. ते मैदान कुणाचं, हे त्या घटकेला कुणाच्या डोक्यात आलं नाही. मिरवणूक ओढ्यात उतरली, पोरं पाणी उडवत किंचाळली, आणि पलीकडच्या चढावर ट्रॅक्टर निघाला तेव्हाही मी माईकवर चालूच होते, "कर्नाटक सरकारच्या मराठी शाळेत या हो या." समोरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, जिल्हा परिषद, कोल्हापूर. महाराष्ट्र शासनाची नोकर मी, महाराष्ट्राच्या भूमीवर, महाराष्ट्राच्या शाळेच्या दारात, पोरांना कर्नाटकात बोलावत होते. मी माईक बंद केला. निदान तसं वाटलं. तो चालूच होता, आणि "अगं बाई" एवढं मात्र सगळ्या वस्तीनं ऐकलं.

भिंतीपाशी स्टुलावर उभे राहून कांबळे गुरुजी हत्ती रंगवत होते. त्यांची शाळा उघडायला अजून दोन आठवडे होते. शर्टावर निळे ठिपके, हातात ब्रश. ते खाली उतरले. त्यांनी ट्रॉलीकडे पाहिलं, आप्पांकडे, मग आक्काकडे. पोरांना मात्र समोर नवी घसरगुंडी दिसली. मुकुट सावरत सगळी ट्रॉलीतून उड्या मारून पळाली, सगळ्यांत पुढे गौरी आणि तनू.

आप्पा खुर्चीतून वाकून बघत म्हणाले, "बघा की. पोरी आपल्या पायांनी आल्या. आता दोघीबी हिथंच ऱ्हात्यात जणू."

ते खरंच होतं. या मैदानावर दोघीही वयात बसत होत्या, दोघींना एकत्र राहायचं होतं, आणि गौरीचा शब्द तर गुरुजींनाच दिलेला. गुरुजींनी नुसतं "ऱ्हाऊ द्या" म्हणायचं होतं.

"मिरवणूक माझ्या दारात आणलीसा, आक्का," गुरुजी म्हणाले.

"तुझा हत्ती लई वाईट आलाय, सचिन," आक्का म्हणाली.

वर्षभरातलं पहिलं बोलणं हे. गुरुजींनी मागे वळून भिंतीकडे पाहिलं. "सोंड चुकली," ते म्हणाले.

आक्कानं ताट माझ्या हातात दिलं, ब्रश त्यांच्या हातातून घेतला आणि स्टुलावर चढून सोंड सरळ करायला लागली. सगळा गाव उन्हात उभा राहून बघत होता. रंगवता रंगवता, तोंड भिंतीकडे ठेवून, ती म्हणाली, "तनू तुझी. तुझ्याकडं वयात बसती. मला घेता यीत न्हाई."

"आनि गौरी?"

"गौरीबिगर माझी पयली रिकामी. शाळा जातीय माझी."

"मलाबी वरनं इचारत्यात, आक्का. दोघी आल्या तर मलाबी जरा श्वास घ्याय यील."

"म्हाईत हाय मला. म्हणून तर आजपातुर गौरी मागितली न्हाई."

गुरुजी पाण्याच्या घागरीपाशी गेले, तांब्याभर पाणी प्यायले, पोरांसाठी घागर बाहेर आणून ठेवली. मग ट्रॉलीपाशी येऊन म्हणाले, "आप्पा, तुमचा शबुद मी सोडला. गौरी आक्काला द्या. तनू मला."

आप्पांनी टोपी काढून पुन्हा घातली. "शबुद सुटला ते बरं झालं. पर त्या?"

घसरगुंडीवर दोघी एकमेकींच्या कमरेला धरून खाली येत होत्या. एक खाली आली की दुसरी येणारच, अशी ती बैठक. शेवटी गुरुजी आक्काला म्हणाले, "माझी शाळा उघडंपातुर तनूलाबी गौरीजवळ बसवून घ्या. तवर समजावू दोघीस्नी."

मोकळ्या मैदानात दाजींनी ट्रॅक्टर एका झटक्यात वळवला. परत जाताना गुरुजींनी स्वतः माईक माझ्या हातातून काढून घेतला आणि ओढ्यापर्यंत सोबत आले. मला वाटतं ते काळजीपोटीच.

उरलेले दिवस

पुढचे चार दिवस मी आक्काच्या वर्गात मागच्या पाटावर बसले. पहिली ते तिसरी एका खोलीत, पोरं आपापली चित्रांची कार्डं घेऊन घोळक्यानं शिकतात, नवं पोर आणि जुनं पोर शेजारी. तनूचं नाव कुठंच नव्हतं, पण दूध तिला होतं, कार्डं तिला होती, आणि कन्नड अक्षरं ती गौरीच्या आधी ओळखायला लागली. मलाही तिनं काही शिकवली. आता मी निपाणीच्या स्टँडवर चुकीच्या गाडीत चढणार नाही. एक दिवस आक्कानं मला बेळगावला नेलं. तिथे मी खव्याचा कुंदा एवढा घेतला की दुकानदारानं लग्न कुणाचं म्हणून विचारलं.

संध्याकाळी गुरुजी डबा घेऊन आक्काकडे यायचे. आक्का गौरीला, गुरुजी तनूला, असं वाटून घेऊन दोघं पोरींना समजवायला बसायचे. पोरी ऐकून घ्यायच्या आणि एकमेकींचा हात धरून घरी जायच्या. आक्का म्हणायची, "लई रडणार बघ दोघी. मी तर बघू शकणार न्हाई." ही भीती तिला शाळा जाण्यापेक्षाही मोठी झाली होती. ते होण्याआधीच मला निघावं लागलं.

भोर

माझी शाळा उघडली त्या दिवशी मी दारात गुलाबाची फुलं घेऊन उभी होते. त्याच दिवशी ओढ्यापलीकडची शाळाही उघडायची होती. माझं सगळं लक्ष फोनकडे. दुपारच्या सुट्टीत आक्काचा फोन आला.

"काय झालं गं? लई रडल्या का?"

"कुठलं काय. दोघी हात धरून वड्यापातुर आल्या. मी हिकडं हुबी, सचिन तिकडं. गौरीनं तनूचं दप्तर सारखं केलं आनि म्हणाली, तुझं काय शिकवलं ते सांजला मला सांग, माझं मी तुला सांगतो, म्हंजे आपल्याला दोन शाळा. आनि गेल्या की. एक हिकडं, एक तिकडं. मागं वळूनसुदिक बघितलं न्हाई."

"मग चांगलंच झालं की आक्का. दोन्ही शाळा राहिल्या."

"व्हय. ऱ्हायल्या." नाक ओढल्याचा आवाज आला. "मागं आमीच दोघं बघत ऱ्हायलो, वंदे. तो त्याच्या काठाला, मी माझ्या. घंटा द्यायची ध्यानातच ऱ्हायली न्हाई. आज दोन्ही राज्यांत शाळा उशिरा भरली."